नेत्रा समुद्राच्या तळाशी गेली

राहनाळच्या केसरीनाथला पोहायला कुणी शिकवलं नाही. खाडीकाठचं पोर, चालायला लागलं तसं पाण्यातही जायला लागलं. पुढे गावातल्या कितीतरी पोरांना त्यानेच पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं. नंतर खाडीचं पाणी काळं पडलं, भातखाचरांवर गोदामं उभी राहिली, केसरीनाथचीही जमीन गोदामाखाली गेली. त्याचं पोट सुटलं, केस पिकले. पण पाण्याचा विषय निघाला की अजूनही तो खुर्चीत ताठ होऊन बसायचा.

बायको नेत्रा खाडीपासून लांबच्या दिघाशी गावची. पाणी म्हणजे तिच्यासाठी विहीर आणि पावसाळी ओढा. गणपती विसर्जनाला ती गुडघाभर पाण्यात उतरायची आणि साडी सावरत मागे फिरायची.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीने, क्षितिजाने, दोघांना मालवणची सहल ठरवून दिली. तारकर्लीला किनाऱ्यालगत खोली, किल्ला, डॉल्फिन आणि स्कूबा. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं. केसरीनाथने महिनाभर आधीपासून नाक्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं, "तिकडं पोरं दोरी धरून उतरतात म्हणं. मला दोरी कशाला लागतेय?"

होडीत बसल्यावर तिथल्या प्रशिक्षक मुलीने सगळ्यांना विचारलं, "कुणाला दम्याचा, हृदयाचा, कानाचा त्रास?"

केसरीनाथने मान समुद्राकडे वळवली. नेत्रा मात्र काळजीने बोलून गेली, "अवो, तुमचा कान वाहतो ना?"

"कधीतरी. आता न्हाय."

"काका, कान वाहत असेल तर खाली नेता येणार नाही," ती मुलगी म्हणाली. "आत दाब वाढतो. तुम्ही वर बसा, काकी येतील."

"ती? ती काय येतेय!" केसरीनाथ मोठ्याने हसला. होडीतले दोघंतिघंही हसले.

नेत्राने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ओढणी काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मी जाऊन येते."

तिला अंगाला चिकटणारा काळा पोशाख चढवला, डोळ्यांवर चष्मा लावला, तोंडात नळी दिली. घाबरून तिने दोनदा होडीची कड धरली. तिसऱ्यांदा सोडली. केसरीनाथ वाकून पाहत राहिला. हिरव्या पाण्यात तिची आकृती लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली. वर नुसते बुडबुडे येत होते. बायकोची ओढणी हातात घेऊन पाण्याकडे बघत बसायची वेळ आपल्यावर येईल, असं त्याला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती वर आली तेव्हा हसत होती. दात वाजत होते, नाकातून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

"काय दिसलं?" शेजारच्या बाईने विचारलं.

नेत्रा बोलायला गेली, पण तिला शब्दच सापडेनात. केसरीनाथ म्हणाला, "मासं दिसलं असतील. भिवंडीच्या बाजारात बी दिसतात."

तिथून पुढची सहल त्याला कडू झाली. किल्ल्यावर त्याला ऊन लागलं. डॉल्फिन उजवीकडे उसळले तेव्हा तो मुद्दाम डावीकडे बघत राहिला. संध्याकाळी नेत्रा खोलीच्या मालकिणीला पाण्याखालचं सांगत होती. ते ऐकवेना म्हणून तो उठला, शर्ट काढला आणि समुद्रात शिरला. नेत्रा बघतेय याची खात्री करून तो लांब लांब हात मारत सुटला.

परत फिरल्यावर त्याला कळलं की किनारा जवळ येत नाही. पाण्याची ओढ त्याला आत नेत होती. खाडीला भरती-ओहोटी होती, पण हे पाणी वेगळंच होतं. त्याला दम लागला. किनाऱ्यावर शिट्ट्या वाजल्या आणि पाण्यातल्या स्कूटरवरून आलेल्या जीवरक्षकाने त्याला काखेत धरून मागे बसवलं.

वाळूवर माणसं जमली होती. नेत्राने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"कुणाला दाखवायला गेला व्हता?" एवढंच तिने विचारलं.

राहनाळला परतल्यावर शेजारणी मोबाइलमधला व्हिडिओ बघायला येऊ लागल्या. पाण्याखालची नेत्रा, तिच्या हातात माशांना घालायचा ब्रेड आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यातल्या पुतळाबाईंनी तर तो चार वेळा बघितला. केसरीनाथ दारातूनच म्हणायचा, "त्या पोरीनं धरून ठेवलंय तिला. पोहायला येतंय कुठं?"

एक दिवस नेत्राने हे ऐकलं आणि शहरातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं. ओले केस घेऊन ती घरी यायला लागली. केसरीनाथला ते बघवेना.

"तलावावरची बाई काय शिकवते तुला?"

"तरंगायला."

"मी शिकवलं नसतं?"

भाजी निवडता निवडता नेत्रा थांबली. "अख्ख्या गावाला शिकवलं तुमी. मला कधी विचारलं? मी काठावर तुमचे कपडे घेऊन बसायची."

तो उठून शेजारी थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेला. बाईमाणसाला एवढी हौस बरी न्हाय, असं काहीबाही बोलला. आक्काने सगळं ऐकून घेतलं. "केसरी, तिचं काय चुकलं ते सांग. न्हाय सांगता आलं तर जेवून घे."

त्याला सांगता आलं नाही. जेवणही गेलं नाही.

घरी येऊन तो नेत्रासमोर बसला. "खाली काय व्हतं? खरं सांग."

नेत्राने जरा विचार केला. "मासं तर व्हतेच. पण त्याहून मोठं सांगू? खाली कुणाचा आवाज येत न्हाय. फक्त आपला श्वास. मला कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. पहिल्यांदा वाटलं, आता मला कुणाला काही आणून द्यायचं न्हाय."

मासे केसरीनाथलाही कुठेतरी काचेमागे बघता आले असते. पण बायको एका अशा जागी जाऊन आली होती, जिथे त्याची हाक पोचत नव्हती. तिला तिथे बरं वाटलं होतं, हेच त्याला सलत होतं. आता ते कळलं, तरी सल काही गेला नाही.

या जानेवारीत तलावावरच्या बायका मालवणला निघाल्या. नेत्राचीही पिशवी भरली गेली. सकाळी केसरीनाथने गाडी काढली आणि तिला बसपर्यंत सोडलं. बस हलायच्या आधी तो खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "पाणी आत ओढायला लागलं तर त्याच्याशी भांडू नको. काठाच्या रेषेत आडवी पोह."

"बरं," नेत्रा म्हणाली, आणि शेजारच्या बाईशी बोलायला वळली.

नाक्यावर कुणीतरी विचारलं, "केसरीशेठ, आज एकटेच?"

"नेत्रा समुद्रात गेलीय," तो म्हणाला. बोलताना त्याची छाती जराशी फुगली आणि पोटातही दुखलं. त्याने चहा सांगितला.