पाल माझी आहे, असं मी भर बैठकीत सांगितलं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, आधी कबूल करा! ... जाऊ दे, तुम्ही हसणारच. चहा तेवढा मागवा.

मी प्राण्यांच्या सर्वेक्षणात काम करतो म्हटलं की लोक लगेच विचारतात, "वाघ बघितलास काय रं?" नाही हो! वाघ-बिबट्यांसाठी वेगळी माणसं असतात, त्यांना जीप असते. आमच्या वाट्याला बेडूक, वटवाघळं, सरडे, पाली. ज्यांची शिकार करावी असं कुणाला वाटत नाही आणि ज्यांचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही, असे सगळे. मी निपाणीचा, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेला. माझं ठाम मत आहे, की ज्याला बिबट्याची काळजी आहे पण पालीची नाही, त्याला जंगलाची काळजीच नाही. हे मत मी बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही ऐकवतो. त्यानं विचारलेलं नसतं.

तर कणकुंबीच्या अलीकडं एका गावात मी आप्पा नावाच्या गावकऱ्याच्या घरी उतरलो होतो. कौलारू घर, वर लाकडी माळा, माळ्यावर पालीच पाली. माझ्यासाठी स्वर्ग! आमची पद्धत सोपी. माळ्यावर एक छोटा स्पीकर ठेवायचा. त्यातून थोड्या थोड्या वेळानं पालीचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो. खऱ्या पाली त्याला उत्तर देतात. आपण खाली बसून ती उत्तरं ऐकायची.

आप्पांशी माझा आदल्या दिवशीच वाद झालेला. पाल चुकचुकली की ते हातातलं काम थांबवायचे, बोटानं जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणायचे. मी त्यांना मोठं भाषण दिलं. पाल दुसऱ्या पालीशी बोलते आप्पा, तिला तुमच्या कामाचं काय पडलंय? आप्पा शांतपणे म्हणाले, "व्हय सर, पटलं. पण जपलेलं बरं."

त्यांची मुलगी सुजाता बेळगावात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. येळ्ळूरचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला पसंत होता, तीही त्याला. तिची अट एकच. आधी परीक्षा, मग लग्न, आणि लग्नानंतर नोकरी. मुलगा तयार होता, पण त्याच्या वडिलांचं मन कळत नव्हतं. मोठ्यांची बोलणी त्या दिवशी दुपारी व्हायची होती.

सकाळी सुजातानं मला गाठलं. "दादा, आज पाव्हण्यांसमोर भाषण नको हं. एवढं करा माझ्यासाठी."

"मी कशाला बोलतोय!" मी म्हणालो आणि माळ्यावर चढलो. स्पीकर तुळईवर ठेवला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. खाली आलो तर काय, दुपारचे पाहुणे सकाळीच दारात! येळ्ळूरचे अण्णा, म्हणजे मुलाचे वडील, आणि सोबत मुलाची आज्जी.

आता वर जाऊन स्पीकर बंद करावा, तर माळ्याची शिडी सोप्यात, पाहुणे बसले तिथंच, आणि आज्जी नेमकी त्या शिडीलाच टेकून बसलेली. शिवाय आप्पांनी मला दंडाला धरून शेजारी बसवलं. शिकलेला माणूस बैठकीत असलेला बरा दिसतो ना!

चहा झाला. आप्पांनी हळूच पोरीची अट काढली. अण्णांनी हात झटकला. "शिकू दे की! नोकरीबी करू दे. आम्ही कुठं न्हाय म्हणतोय? फोडा सुपारी."

आणि वरून आवाज आला. चुक चुक चुक!

आप्पांचा चेहरा उतरला. बोटं जमिनीवर टकटकली. "कृष्ण कृष्ण... जरा थांबूया काय पाव्हणं? नेमकी सुपारीच्या वक्ताला चुकचुकली."

"थांबायचं कशाला?" आज्जी सावरून बसली. "आमच्यात बोलण्यावर पाल बोलली की ते खरं धरत्यात. काय म्हणालास रं आत्ता?"

"मी? मी आपलं... पोरगी नोकरी करू दे म्हणालो."

"मग झालं तर! पालीनं साक्ष दिली."

अण्णा चुळबुळले. "तसं न्हवं आई. म्हंजे लग्नानंतर चार-दोन वर्षं घरात राहून, मग बघू..."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर शांतता.

"बघ! गप्प बसली. हे खोटं."

"बरं, परीक्षा तेवढी होऊ दे, मग लग्न," अण्णा चिडून म्हणाले.

चुक चुक चुक!

स्वयंपाकघराच्या दारात सुजाता पदरानं तोंड दाबून हसत होती. मी मात्र घामाघूम! आवाज ठरलेल्या अंतरानं यायला हवे होते, हे भलत्याच वेळी येत होते. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पण खरी टोचणी वेगळीच होती. एका मुलीचं आयुष्य माझ्या स्पीकरवर ठरतंय? विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी हे मुकाट बघत बसू? सुजाताची सकाळची विनंती मला आठवली की नाही? आठवली. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही!

मी ताडकन उभा राहिलो. "थांबा! ती पाल माझी आहे!"

बैठक माझ्याकडं बघतच राहिली. मी सगळं सांगितलं. स्पीकर, रेकॉर्ड केलेला आवाज, सर्वेक्षण. शेवटी अंधश्रद्धेवर चार वाक्यं जोडलीसुद्धा!

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजे पाल खोटी? मग आमचा शब्दबी सुटला म्हणा की! त्ये नोकरीचं मागनं बघू."

सुजाताचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं जे पाहिलं ना, ते मी कुठल्याही भाषणात मांडू शकणार नाही. माझं सत्य सांगून झालं होतं, आणि त्याची किंमत ती भरत होती. हे आधी सुचायला काय हरकत होती?

"खाली आणा बघू ते यंत्र," आज्जी शिडीपासून बाजूला सरकली.

मी स्पीकर आणला. दिवा हिरवाच होता. सुजातानं तो हातात घेतला, उलटा केला, आणि हळूच म्हणाली, "दादा, ह्यातलं कार्ड कुठाय?"

कोणतं कार्ड? ज्यात आवाज भरलेला असतो ते? ते तर मी सकाळी...

माझा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. कार्ड तिथंच होतं!

म्हणजे स्पीकर सकाळपासून मुका. मग बोलत कोण होतं? तेवढ्यात शिडीच्या वरच्या टोकाशी एक जाडजूड पाल आली, तिनं आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि चुक चुक चुक! पालीवर संशोधन करणाऱ्या माणसाला समोरची खरी पाल ओळखता आली नव्हती. वर तिला खोटं पाडायला तो भर बैठकीत उभा राहिला होता!

"आता तर शिकलेल्या माणसानं तपासून दाखवली," आज्जी म्हणाली. "आता कसला शब्द मागं घेतोस? फोड सुपारी."

अण्णांनी सुपारी फोडली. आप्पांनी जमिनीवर टकटक केलीच, जपलेलं बरं म्हणून. सुजाताची परीक्षा झाली, मग लग्न झालं, आणि ती आता बेळगावात नोकरी करते. ते श्रेय पालीचं. माझं तर नाहीच.

निघताना आज्जीनं मला अंगणात गाठलं. "निपाणीचा न्हवं तू? माझ्या नातीची बोलणी हाईत पुढच्या महिन्यात, निपाणीतच. येशील काय रं?"

मला भरून आलं. म्हटलं, चला, निदान प्रामाणिकपणा तरी कुणाला भावला. "येतो की आज्जी!"

"ये. यंत्रबी आण." मग माझ्या खिशावर बोट ठेवून म्हणाली, "आणि ह्या बारीला कार्ड घाल त्यात. तोंड मात्र बंद ठेव."