बंद पडण्याआधी काय केलंत?

रोज सकाळी चहा झाला की घड्याळकाका लॅपटॉप पुसायला बसत. आधी मऊ फडक्यानं पडदा, मग बटणं, आणि शेवटी दुकानातल्या जुन्या ब्रशनं कडा न् कडा. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण धुळीशी असलेलं वैर काही सुटलं नव्हतं. शिवाय मुलीनं वापरून दिलेला हा जाडजूड लॅपटॉप म्हणजे त्यांचा कान होता. काकांना ऐकू येत नसे. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत. परगावी राहणाऱ्या मुलीचे ओठ दिसत ते फक्त या पडद्यावर.

त्या दिवशी ब्रश जरा जोरातच फिरला. मुलीच्या मानेतली गाठ काढली होती आणि तिचा रिपोर्ट दुपारी मिळणार होता. "हातात पडला की आधी तुम्हाला सांगेन, बाबा," असं ती म्हणाली होती.

पुसून झाल्यावर बघतात तर वायफाय गायब.

काकांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायच्या डब्याची पिन उपसून परत खोचली. डब्यावरचे हिरवे दिवे शहाण्यासारखे लुकलुकू लागले, पण पडद्यावर वायफायच्या खुणेवर बसलेली फुली जाईना. ते उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले, फुलीकडे बघत बसले. मग डबा टेबलावर आणला. टेबलावरून कपाटावर नेला.

"त्याला काय हवापालट करताय?" काकू समोर येऊन म्हणाल्या. काकांशी बोलायचं तर समोरच यावं लागे. टोमणासुद्धा पाठमोरा मारायची सोय नव्हती. "नाहीच लागलं तर माझ्या फोनवर करेल ती. मी सांगेन की तुम्हाला."

"तू गाळून सांगतेस."

काकांचा धाकटा भाऊ दवाखान्यात होता तेव्हा फोनवर कळलेलं सगळं काकूंनी काकांपर्यंत तुकड्यातुकड्यानं, फार उशिरा पोचवलं होतं. त्यांचा तो बटणांचा फोन आता उशीजवळ पडला होता आणि येता-जाता काका त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो चावणार आहे.

शेवटी शेजारणीला बोलावलं. तिनं आपला फोन त्यांच्या वायफायला जोडून पाहिला. लगेच लागला.

"डबा ठणठणीत आहे, काका. संप लॅपटॉपनं केलाय. तोवर माझ्या फोनवरून बघा ना तिला."

काकांनी तो फोन हातभर लांब धरला. "नखाएवढं तोंड दिसणार. त्यात ओठ कुठे शोधू?"

ती लॅपटॉपशी खटपट करू लागली. "वायरलेस बंद दाखवतंय, आणि इथून चालूही होत नाहीये." मग मान वर करून तिनं विचारलं, "सकाळी काही केलंत का?"

"काही नाही केलं."

काकूंना हसू फुटलं. इतकी वर्षं दुकानात गिऱ्हाईक त्याच बघत. बंद घड्याळ हातात आलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, बंद पडण्याआधी काय केलंत? त्या काकांच्या अगदी समोर आल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणायची."

सकाळपासून पहिल्यांदाच काका स्थिर उभे राहिले. मग त्यांनी ड्रॉवरमधून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि सकाळी ब्रश जसा फिरला होता तसे कडेकडेनं बघत गेले. पुढच्या कडेला, पार खालच्या अंगाला, वायरलेसचा एक बारीक खटका होता. तो एका बाजूला सरकला होता आणि शेजारी केशरी ठिपका उघडा पडला होता. काकांनी नखानं खटका परत लोटला.

फुली गेली.

हा खटका सरकवणारा तो ब्रश कुठाय, असं काकूंनी विचारायच्या आतच मुलीचा व्हिडिओ कॉल येऊन पडदा उजळला. मुलगी दवाखान्याच्या आवारात उभी होती, चेहरा अर्धा सावलीत. "किती वेळ लावत्येय मी, लागतच नव्हतं," ती भराभर बोलत होती, "गाठ साधीच निघाली, बाबा. काळजीचं काही नाही."

काकू खुर्चीत टेकल्या. शेजारणीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी दोघींकडेही पाहिलं नाही. ते पडद्याजवळ सरकले, भिंग अजून मुठीतच होतं.

"जरा उजेडाकडे तोंड कर," ते म्हणाले, "आणि परत सांग."