तीन दिवस तोच आकडा

तुम्ही फोनवर विचारता, "आजोबा कसे आहेत?" आणि ते मागून ओरडतात, "एकदम फस्क्लास." म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते.

हैदराबादला फुप्फुसं बदलून आता दोन वर्षं होतील. आजोबा त्यांना 'पाव्हणे' म्हणतात. शरीरानं पाव्हण्यांना हाकलू नये म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून मास्क, गर्दी नको, आणि लातूरच्या आपल्या आडतीवर तर पाऊलही नको. जुनी फुप्फुसं धान्याच्या धुळीनंच गेली, हे नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

रोज सकाळी ते श्वास मोजायच्या यंत्रात फुंकतात, किती लिटर हवा बाहेर पडली तो आकडा वाचतात, मी वहीत लिहिते. सोयाबीनच्या हंगामात तीन दिवस ओळीनं दोन पूर्णांक एक आला. मी शाळेत तीस वर्षं प्रयोगवह्या तपासल्या आहेत. रोज तोच आकडा आला, की विद्यार्थ्यानं प्रयोग केलेला नसतो.

चौथ्या दिवशी चष्मा लावून यंत्र मीच हातात घेतलं. एक पूर्णांक आठ.

"अहो, हे कधीपासून?"

"यंत्राला बी सर्दी झाली असंल."

"आडतीवर गेला होतात?"

"न्हाई."

मी सदऱ्याचा खिसा उलटा केला. सोयाबीनचे चार दाणे टेबलावरून घरंगळत गेले.

मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारून फोल उडवायचं आणि मग नाकाशी न्यायचे, ही त्यांची जन्माची सवय.

"वास घेतल्याबिगर माल कसा कळंल?" ते म्हणाले. मग हळूच, "तुला खरं सांगितलं असतं तर हैदराबादला नेलं असतंस."

"आज दुपारीच नेते आहे."

तिथं कळलं, शरीरानं पाव्हण्यांशी भांडण काढलं होतं. तीन दिवस इंजेक्शनं झाली. आकडा दोनवर आला आणि तिथंच थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं बहुधा परत येत नाही. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी या. गाडीत लातूर येईपर्यंत आजोबांनी एकही विनोद केला नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

आता ते फुंकतात आणि आकडा मी वाचते. मालाचा नमुना बंद, पारदर्शक पिशवीत घरी येतो, खिडकीशी धरून ते पारख करतात. काल मास्कमधूनच पिशवीला नाक लावत होते. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

"बंद हाय, बाई," म्हणाले, आणि पिशवीची गाठ मला दाखवली.