गोळी नसेला लागलीच नव्हती

ये गं, पत्रातूनच का होईना, अशी जवळ सरक. आधी तुला रागावते, मग सगळं सांगते. डॉक्टरांसमोर तोंड मिटून काय बसतेस? "काय नाय, जरासं दुखतं" म्हणायचं आणि बाकीचं पदराखाली झाकायचं. मीही तेच केलं. त्यात माझा पाय जाता जाता राहिला, म्हणून लिहायला बसले. शाळेत गेलेली नाही मी. मुलांच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले, तेव्हा वाकडंतिकडं सांभाळून घे.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझं पाऊल हातात धरलं. म्हणाले, "आजी, वर उचला." मी उचललं, असं मला वाटलं. पाऊल तसंच लटकलेलं.

"याला फूट ड्रॉप म्हणतात," ते म्हणाले. म्हणजे पाऊल खाली पडणं. नसेतून निरोप पोचत नाही, मग पंजा उचलत नाही. "तुम्ही पडलात त्या खुंटाने मांडीतली नस कापली असणार. उघडून जोडावी लागेल. पण या वयात जोडलेली नस पुन्हा चालेलच, असं नाही सांगता येत."

खुंट! तो खुंट मीच उभा केला होता.

झालं असं. लोणच्यासाठी कच्ची करवंदं काढायला मी उजाडताना डोंगराच्या पायथ्याला गेले होते. खाली कालव्याच्या पाण्यावरचं उन्हाळी भात. त्यात डुकरं शिरतात, म्हणून माझा धाकटा भाऊ दामू राखणीला असतो. साठीचा आहे, पण अजून माझ्यासाठी धाकटाच. त्याच्याकडे राखणीची परवान्याची बंदूक. करवंदाची जाळी हलली. त्याला वाटलं, डुक्कर.

आवाज मला आठवत नाही. दुखलंही नाही. अंगातून काहीतरी मोठं, रुंद असं निघून गेलं एवढंच. झाडं लांब सरकली. ओंजळीतली करवंदं एकेक करून सुटताना दिसली, इतकी सावकाश की मला वाटलं, वेचून घ्यावीत. आणि पाय? तो कुणी पाहुणा शेजारी येऊन निजावा तसा पडलेला.

"अक्का, काय केलं गं मी!" दामू गुडघ्यावर बसून रडत होता.

"रडतोस काय रं बाईसारखा! कारवीच्या खुंटावर पडले मी. समजलं?"

गोळी मांडीच्या मागच्या मांसातून आरपार गेली होती. हाड वाचलेलं. कारवीचं झुडूप तिरकं कापलं की टोकदार खुंट राहतो, त्याने आमच्याकडे अशा जखमा होतात, त्यामुळे गावच्या दवाखान्यात कुणी फार विचारलं नाही. धुऊन पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं.

पुढचे पंधरा दिवस धुक्यात गेले म्हण. जखम भरत होती. मी ओटीवर पडून पावलाकडे बघायची. ते माझ्याकडे बघायचं, पण ओळख दाखवायचं नाही. चालताना चप्पल कुठे गळून पडली तेही कळायचं नाही. दामू मागून घेऊन यायचा.

पनवेलला गेलो त्या दिवशीही तसंच झालं. दवाखान्याच्या जिन्यात चप्पल पडली आणि तो ती हातात धरून दाराशी उभा राहिला. नस जोडायचं त्याने ऐकलं.

"खुंट केवढा होता, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"असेल बोटाएवढा," मी म्हटलं.

"खुंट नाय, साहेब," दामू म्हणाला. "बंदूक हाय. माझीच."

"गप रं! याचं ऐकू नका, डॉक्टर. हा लहानपणापासून असाच."

"अक्का, पाय तुझा हाय. माझ्यापायी तो कशाला घालवतेस?"

डॉक्टर आधी चिडले. दोघांवरही. मग खुर्ची ओढून जवळ बसले. "तुमच्या शेलू स्टेशनच्या फलाटावर उभ्या राहिलात कधी? न थांबणारी मेल जाते तेव्हा काय होतं?"

"पदर ओढला जातो."

"मेल लागते का तुम्हाला?"

गोळीचं तसंच, ते म्हणाले. ती जाते तेव्हा भोवतीचं मांस क्षणभर बाजूला फेकलं जातं आणि परत येतं. त्या हिसक्याने जवळची नस ताणली जाते, न कापता. याला न्यूराप्रॅक्सिया म्हणतात. म्हणजे नस शाबूत असते, पण निजते. "खुंट असता तर मी उघडलंच असतं. गोळी आहे, तर आधी थांबू. तीन महिने."

मी विचारलं, माझ्या डोक्यात धुकं होतं ते त्याच हिसक्याने का? ते म्हणाले, "इतक्या लांब तो हिसका पोचतो का, यावर आमचंच एकमत नाही. तुमचं धुकं भीतीचंही असेल." आवडलं मला. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाले.

पोलिसांना मात्र कळवावंच लागलं. बंदूक ठाण्यात जमा झाली. दामूच्या कोर्टातल्या तारखा अजून चालू आहेत. मी जबाब दिला, खाली सही माझ्या हाताने केली.

मग नुसतं थांबणं. दामू रोज यायचा, पावलाला पंच्याचा फास घालून हळूहळू वर ओढायचा. नस कुठवर जागी झाली ते बघायला डॉक्टर दर खेपेला गुडघ्याजवळ बोटाने टिचकी मारत. एकदा मुंग्या पिंढरीपर्यंत आल्या. पुढच्या खेपेला घोट्यापर्यंत. कुणी आतून दिवे लावत खाली उतरतंय असं वाटायचं.

आणि एका दुपारी, डोळा लागत असताना, अंगठा हलला. मला वाटलं स्वप्नच. दामूने पंचा सोडून दिला. "परत हलव, अक्का." हलवला. त्याने माझ्या पायात चप्पल घातली आणि मला अंगणभर चालवलं. तीन फेऱ्या. चप्पल पायातच राहिली.

तर डॉक्टरांना सगळं सांग. ज्याला वाचवायला लपवतेस, त्यालाही ते ओझंच होतं गं.

आणि आता लवकर ये. शेलूला उतरलीस की फलाटावर जरा थांब. मेल जाऊ दे, पदर उडू दे, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. दामूची तारीख नसेल असा दिवस बघ. तुला न्यायला आम्ही दोघं येऊ, चालत.