तितराला दिलेली हाक
खडूचा वास आला की मला अजूनही तितराची हाक ऐकू येते. बायको गेल्यावर मी घराबाहेर पडेनासा झालो, तेव्हा दोन मित्र दर रविवारी मला मारेगावजवळच्या तलावावर पक्षी बघायला न्यायचे. त्यांतला एक मास्तर. एकदा तो मला त्याच्या पाचवीच्या वर्गात घेऊन गेला. मुलांनी सरकून पंख्याखाली जागा केली, कुणी पाणी आणलं. खिडकीबाहेर कपाशीची पऱ्हाटी उभी होती. एक मुलगा म्हणाला, “काका, तितर कसा बोलते, करून दाखवा ना!” मी तोंडाशी हात नेऊन हाक दिली आणि पऱ्हाटीतून उत्तर आलं. मुलांनी टाळ्या पिटल्या, मी मात्र हात खाली घेतले. मग मित्रांपासूनही लपवलेलं सांगून टाकलं, की तरुणपणी याच हाकेने तितर बोलावून मी ते फासात धरायचो, माना मुरगाळायचो. बाहेरचा तितर आणखी जवळ येऊन बोलत होता. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “काका, त्याले वाटून राह्यलं तुम्ही बोलावलं. आता सांगा ना त्याले, वापस जाय म्हणून.” मी हात तोंडाशी नेले आणि तसाच राहिलो, मला फक्त बोलावता येत होतं. मास्तर माझ्या शेजारी येऊन बसला. “पोट्टेहो, चूप बसा सारे. आवाज नाही आला तर जाईन तो.” सगळा वर्ग माझ्यासोबत गप्प बसला. नंतर दुसऱ्या मित्रालाही मी हे सांगितलं. आजही तलावावर तितर बोलला की दोघं मित्र दुर्बिणी खाली ठेवतात, आणि तो लांब जाईपर्यंत आमच्यातलं कुणी बोलत नाही.