सगुणा घाडीचा दुधी

सगुणा घाडी माझी शेजारीण. कांदिवलीला आमच्या बैठ्या चाळीत तिची खोली टोकाची, म्हणून भिंतीलगत दीड हात रुंदीची मातीची पट्टी तिच्या वाट्याला आली होती. नवरा काशीराम गिरणीत होता. संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही, तेव्हा तो एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. सगुणा त्या पट्टीत मिरच्या, अळू, माठ सगळं लावायची, पण तिचा जीव होता दुधीवर. दरवर्षी वेलावरचा सगळ्यात देखणा दुधी ती बियाण्यासाठी राखायची. आठ वर्षं असं करत करत तिचा दुधी हातभर लांब, पोपटी, आतून लोण्यासारखा झाला होता. एक चिरला की तीन घरांत भाजी व्हायची.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत बोरिवलीच्या एका वाचनालयाच्या हॉलवर मी पाटी वाचली : घरबागेचे वर्ग, दर रविवारी सकाळी. थंडीत माती कमवायची, पालापाचोळा कुजवायचा, बी निवडायचं आणि जानेवारीत पेरायचं, म्हणजे होळीपर्यंत गच्ची हिरवीगार. मी म्हटलं, "चल गं, जाऊया." आम्ही दोघी जायला लागलो.

शिकवायला श्यामसुंदर सर. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा सफारी, आवाज मधाळ. रोज सकाळी पेलाभर कच्च्या दुधीचा रस पितो म्हणून मला औषध ठाऊक नाही, असं ते दर रविवारी न चुकता सांगायचे. सगुणाने एकदा आपला दुधी त्यांना नेऊन दिला. त्यानंतर वर्गात तिला पुढची खुर्ची मिळू लागली.

त्या जानेवारीत काशीरामला कावीळ झाली. सगुणा दिवसभर इस्पितळात असायची, पेरणार कधी? सर म्हणाले, "बी माझ्याकडे द्या. मी पेरतो, आणि ताजं बी तुम्हाला परत करतो." तिने बरणीच उचलून दिली. एक बी मागे ठेवलं नाही.

पावसाळा गेला तरी बी परत आलं नाही. पुढच्या थंडीत वर्गाचं प्रदर्शन भरलं. मधल्या टेबलावर सगुणाचे दुधी मांडलेले आणि समोर पाटी : 'श्यामश्री – श्यामसुंदर सरांनी विकसित केलेले वाण'. पहिलं बक्षीसही त्यालाच. सगुणा सरळ उभी राहिली. "सर, हा दुधी माझा आहे."

सर हसले. "बाई, बी काय कोणाच्या मालकीचं असतं? तुम्ही ते डब्यात ठेवलंत, मी त्याला नाव दिलं."

लोक हसले. मी मान खाली घातली, हे आजही सांगायला लाज वाटते. सगुणा टेबलाजवळ गेली, हळूच म्हणाली, "नाव ठेवा तुमचं. मला दहा बिया द्या. माझ्याकडे एकही नाही."

"'श्यामश्री'चं बी मी अजून सभासदांनाही देत नाही. तुमचं तर नावही यंदा यादीत नाही."

परत आल्यावर चाळीच्या नळावर पाय धुताना ती म्हणाली, "अनुपमा, ह्या माणसाक मी सोडूचंय नाय."

मला वाटलं, बोलेल आणि विसरेल. ती मेमध्ये माहेरी, मालवणकडे गेली. तिचा भाऊ बळवंत परसात कडू भोपळे लावायचा. सुकवून ते पोरांच्या पाठीला बांधायचे आणि पोरांना विहिरीत पोहायला उतरवायचं, एवढाच त्यांचा उपयोग. गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. त्यातली एक जात दुधीसारखीच लांबट. वेल, फूल, बी, काही म्हणता काही वेगळं दिसत नाही.

शहाऐंशीच्या डिसेंबरात ती पुन्हा वर्गात आली आणि सगळ्यांदेखत सरांच्या पाया पडली. "चुकलं माझं सर. हे माझ्या माहेरचं बी. 'श्यामश्री'पेक्षा लांब दुधी येतो."

सरांना दर थंडीत काहीतरी नवीन दाखवायला लागायचंच. पेरून बघितल्याशिवाय बी दुसऱ्याला देऊ नये, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण जानेवारीत चाळीस सभासदांना पाकिटं वाटली गेली. वर छापलं होतं : 'श्यामराज'.

माझ्या हातातलं पाकीट सगुणाने काढून घेतलं. "तू ह्यां पेरू नको."

"का गं?"

"कडू आसा."

मी हबकले. "अगं, चाळीस घरं आहेत! कोणाला काही झालं तर?"

"कुठली बाई दुधी चाखल्याशिवाय फोडणीक टाकता? थू करून फेकून देतली. माझी भांडणं त्यांच्याशी नाय." मग थांबून म्हणाली, "न चाखता पिणारो एकच आसा."

मी तेव्हाच सरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. खरं सांगायचं तर त्या हॉलमधलं हसू माझ्याही कानात होतं.

सरांचा वेल सगळ्यांच्या आधी लागला. पाडव्याला त्यांनी आपल्या गच्चीवर वर्गाला बोलावलं. एका मांडवावर 'श्यामश्री', शेजारच्यावर 'श्यामराज', दोन्ही दृष्ट लागण्यासारखे. सरांनी 'श्यामराज'चा पहिला दुधी कापला, किसून रस काढला आणि पेला उंच धरला. पहिल्या घोटालाच त्यांचा चेहरा आवळला. समोर चाळीस माणसं होती. त्यांनी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. "थोडा उग्र आहे," म्हणाले, "पण गुणकारी."

सगुणा पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बघत होती. एका शब्दाने ती त्यांना थांबवू शकली असती. मीसुद्धा.

अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताच्या. टॅक्सीत घालून नेलं. नऊ दिवस ते इस्पितळात होते. त्या आठवड्यात सभासदांनी आपापले दुधी चाखून फेकले आणि वेल उपटले. नंतर वर्ग कधी भरलाच नाही.

जूनमध्ये सगुणा मला घेऊन त्यांच्या घरी गेली. सर आरामखुर्चीत, निम्मे झालेले. तिला बघताच म्हणाले, "तुम्ही मला मारायला निघाला होतात. मी पोलिसांत जाईन."

"जावा की. काय सांगाल? पाकिटावर नाव तुमचं आहे." तिचा आवाज चढला नाही. "मी माझं बी न्यायला आले."

सरांची बायको, प्रेमाताई, आतून बरणी घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे न बघता सगुणाच्या हातात देऊन म्हणाल्या, "'श्यामश्री'चं, यंदाचंच आहे, जुनं काही उरलेलं नाही. सगळं न्या."

जानेवारीत सगुणाने पट्टी खणली, बी पेरलं. वेल भिंतभर चढला. पहिला दुधी तोच, पोपटी, हातभर. तिने मला हाक मारली, चकती कापली, जिभेला लावली आणि तशीच थुंकली. दुसरा दुधी कापला, तिसरा कापला. सगळे कडू.

सरांच्या गच्चीवर दोन्ही मांडव शेजारी होते. फुलांवर बसणाऱ्या किड्यांनी इकडचे पराग तिकडे नेले होते आणि कडू भोपळा तिच्या दुधीच्या बियांत उतरला होता. आठ वर्षांची निवड गेली. आता ती कुठेच उरली नव्हती.

मला रडू आलं. तिला नाही. तिने कोयत्याने वेल बुडातून तोडला आणि ओढून भिंतीवरून उतरवला.

"सगुणा, काय मिळालं गं आपल्याला?" मी विचारलं.

तिने हाताला लागलेला चीक पदराला पुसला. "माझ्याकडे नाय ऱ्हवलो, ता खरा," ती म्हणाली, "पण त्याच्याकडेय नाय ऱ्हवलो." आणि ती वेलाचे तुकडे करायला बसली.