आबांचा माळ कशात काढावा

सात रस्ता चौकातल्या एका ऑफिसात मी घरांचे नकाशे काढते. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या जणी मोबाईलवर साड्या बघतात, आणि त्या उन्हाळ्यात मी लेव्हल एडिटर बघत होते. बंदुकीच्या एका जुन्या कॉम्प्युटर खेळासाठी आपले आपण नवे नकाशे बनवायचं जे सॉफ्टवेअर असतं, ते. डिप्लोमाला असताना लॅबमध्ये हा खेळ होता. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही, नुसती हातातली बंदूक दिसते, आणि बोळाबोळांतून पुढे जात राहायचं. राक्षस मारण्यात मला कधीच रस नव्हता. मला त्यात नुसतं चालायला आवडायचं. दोन वर्षं मी तेवढ्यासाठी मुलींची बोलणी खाल्ली.

आता चालायचं होतं ते आबांना. माझे वडील. सांगोल्याकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखली. आई गेली, मेंढरं विकली, आणि मी त्यांना कुंभारीला माझ्या दोन खोल्यांत आणलं. आणताना आपण फार मोठं काम करतोय असं मला वाटत होतं. वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं. दोनदा ते कुणाच्या तरी कळपामागं अक्कलकोट रस्त्यानं चालत गेले. दुसऱ्या खेपेला एका ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला, म्हणून आबा वाचले. त्या दिवसापासून मी कामाला निघताना दाराला बाहेरून कडी घालते. शेजारच्या काकू घरी बसून विड्या वळतात, त्या दुपारी कडी काढून चहा देतात आणि परत घालतात. दुसरा उपाय मला सुचला नाही, आजही सुचत नाही. बसमध्ये बसलं की कडीचा तो आवाज माझ्या कानात असतो, आणि मला स्वतःची किळस येते.

आबांनी कधी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी एकदा विचारलं, "आपला माळ हितनं किती लांब?" मी म्हटलं, "लई लांब हाय, आबा." ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे." त्या 'ऱ्हाऊ दे'नं मला झोप येईना, आणि मग ते खूळ डोक्यात शिरलं. माळ मी इथेच, त्या खेळात काढीन, बाणाच्या चार बटणांवर आबांना त्यात फिरू देईन. राक्षस नकोत, बंदूकही नको.

खूळ चांगलं होतं, पण निवडायचं काय इथेच मी अडकले. एक एडिटर नवा होता. त्यात आपण काढलेल्या जागेत उभं राहून भिंती वरखाली करता येत, आणि आपण चुकलो तर तो गुपचूप दुरुस्त करी. पण घरचा लॅपटॉप ऑफिसनं टाकून दिलेला. त्यावर तो उघडला की नुसता काळा पडदा. दुसरा कुठल्याही लॅपटॉपवर चाले, पण त्यातली बटणं बघूनच मला घेरी येई. तिसरा अगदी जुना. वरून बघायचं, रेषा मारायच्या, प्रत्येक रेषेला तिचं काम हातानं सांगायचं. ऑफिसातला आमचा एक पोऱ्या म्हणाला, "मॅडम, नवाच घ्या. जुन्यात चूक झाली तर कळणारसुद्धा नाही." मी त्याला म्हटलं, बारा वर्षं रेषा मारतेय मी.

तरी महिना गेला. रोज या तिघांची तुलना वाचायची, परक्या लोकांची भांडणं वाचायची, आणि उद्या ठरवू म्हणून उठायचं. खरं सांगायचं तर मला निवडायचंच नव्हतं. निवडणं चालू होतं तोवर मी आबांसाठी काहीतरी करत होते. सकाळी कडी घालताना तेवढाच आधार वाटायचा.

शेवटी आबांनीच विचारलं, "झाला का माळ?" मीच त्यांना माळ काढते म्हणून सांगून बसले होते. त्याच संध्याकाळी मी जुना एडिटर घेतला.

आबा शेजारी बसून बघत. वरून काढलेला नकाशा त्यांना कळणार नाही असं मला वाटलं होतं, पण ओढा मी चुकीच्या अंगाला वळवला तेव्हा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हितं न्हाय. बाभळीच्या खालनं जातो त्यो." स्वतःचं जेवण झालं की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्यांना ओढ्याचं वळण पाठ होतं.

एकदा सगळा माळ रेषांनी घेरून झाला आणि पडद्यावर लाल खूण आली. या खेळात प्रत्येक जागा चारी बाजूंनी बंद लागते. बोटभर फट राहिली तरी चालत नाही. आबांनी विचारलं, "काय म्हणतंय?"

"फट ऱ्हायलीय म्हणतंय. बंद करा म्हणतंय."

"आत मेंढरं हायत व्हय?"

"न्हाईत, आबा."

"मग बंद कशाला करायचं? वाघूर मेंढरं आत आली की लावत्यात."

वाघूर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी. आबांचं बरोबर होतं आणि खेळाचा नियम वेगळा होता. मी फट बुजवली. त्यांना पटलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिसातून सुटले की सरळ माळावर. दगडी मेंढवाडा केला, त्याला कवाड केलं, कवाडापलीकडे बाभळ, ओढा, लांबवर टेकाड. मेंढरांची चित्रं मोबाईलवर काढून चिकटवली. जरा गाढवासारखी दिसत होती. चालून बघताना मी दर वेळी माळावरूनच सुरुवात करायची, कारण तपासायचा होता तो माळ. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि मी ते दोन खोल्यांत बसून करत होते.

एका रविवारी सकाळी आबांना पुढ्यात बसवलं. सुरुवात मेंढवाड्यात ठेवली होती, कारण त्यांचा दिवस तिथनंच सुरू व्हायचा. त्यांनी बाणाचं बटण दाबलं. भिंतीकडेनं एक फेरी मारली. "वाडा बरूबर हाय," म्हणाले. मग कवाडापाशी आले.

कवाड उघडेना.

मी उघडायचं बटण दाखवलं, ते त्यांनी दाबलं. मी दाबलं. नाहीच. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. या खेळात कवाडाला दोन रेषा असतात, एक बाहेरची, एक आतली, आणि उघडायचा हुकूम दोघींना वेगवेगळा द्यावा लागतो. नव्या एडिटरनं तो आपणहून दोन्हीकडे दिला असता. मी फक्त बाहेरच्या रेषेला दिला होता. आतून कुणाला उघडावं लागेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"आबा, थांबा जरा, माझं चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलं न्हाय," आबा म्हणाले. "कवाडाची कडी भायेरनं असती की. तू आलीस की काढशील."

त्यांनी लॅपटॉप जरासा पुढे सारला, हात मांडीवर ठेवले आणि त्या बंद कवाडाकडे बघत शांतपणे वाट बघू लागले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.